अकरा वर्षांनी आवळलेली हलगी

आक्काने पदराला पिन लावायची सोडली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गौरी जेवणाच्या दिवशी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तिच्या घरी सगळ्या जमलो होतो. ती डावा हात अंगाशी धरून वाढत होती. विचारलं तर म्हणाली, "खांदा धरलाय गं. वात असंल. वय झालं की आता."

आक्का माझी मावसबहीण. ११ वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कर्करोगातून उठली. स्तन काढला, त्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे कातडीखालचा कृत्रिम स्तन, बसवलं, नंतर रेडिएशनचे शेक घेतले. पाच वर्षं तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ निघालं, आणि घरात तो विषय मिटला. कुणी काढत नव्हतं. तीही काढत नव्हती.

त्या दिवशी साडी बदलताना मी पाहिलं. व्रणाच्या खाली रुपयाएवढा लाल चट्टा, कडेला फुटलेला फोड. रोज रात्री ती तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीनं शेकत होती आणि कातडी भाजलेली तिला कळलीच नव्हती. स्तन काढताना त्वचेकडे येणाऱ्या बारीक नसा तुटतात. वरची कातडी बधिर राहते, आतलं दुखणं मात्र जाणवत राहतं. त्यामुळे अशा जागी गरम पिशवी, विटेचा शेक, मिठाची पुरचुंडी यांतलं काहीही ठेवू नये. हे शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक बाईला सांगायला हवं. आक्काला सांगितलं असेलही, पण ११ वर्षांपूर्वीचं सांगणं कितीसं लक्षात राहणार?

तिची छाती हाताला लागली ती कडक, चेंडूसारखी. तिथून पुढे आम्हाला कळलं की या दुखण्याला नाव आहे, कारण आहे आणि इलाजही आहे.

पायात बाभळीचा काटा मोडून राहिला की काय होतं, हे उसाच्या रानात राबलेल्या कुणालाही विचारा. शरीर आधी तो पू करून बाहेर ढकलू पाहतं. नाही जमलं तर त्याच्याभोवती घट्ट गाठ बांधतं. इम्प्लांट शरीराला ना विरघळवता येतं, ना बाहेर ढकलता येतं. म्हणून शरीर त्याच्याभोवती कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं वेष्टण विणतं. यात बिघाड काही नाही. हृदयाच्या पेसमेकरभोवतीही असंच वेष्टण येतं. बहुतेक बायकांमध्ये ते पातळ आणि मऊ राहतं, आणि आहे हे कळतही नाही.

काहींमध्ये मात्र ते आवळू लागतं. यालाच डॉक्टर 'कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर' म्हणतात. खेळायच्या आधी हलगीवाला जाळावर हलगी तापवतो, कातडं ताणतं आणि आवाज खणखणीत होतो. आत जवळपास तेच होतं, फक्त ताण उष्णतेनं येत नाही, जिवंत पेशींमुळे येतो. जखम भरताना तिच्या कडा ओढून जवळ आणणाऱ्या खास पेशी असतात. त्यांचं काम संपलं की त्या निघून जायला हव्यात. इथे त्या थांबतात आणि वेष्टण ओढत राहतात. ठरावीक आकारमान सगळ्यात कमी पृष्ठभागात मावतं ते गोलात. त्यामुळे चपटं, मऊ इम्प्लांट दाबलं जाऊन गोल आणि टणक होतं, वर सरकतं, आजूबाजूचे स्नायू आणि नसा ओढले जातात. दुखणं खांद्यात, काखेत, पाठीत जाणवतं. आक्काला वाटलेला 'वात' तो हा.

पेशी का थांबतात? एक कारण म्हणजे जंतू. त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारे जंतू इम्प्लांटच्या पृष्ठभागावर चिकट थर करून वर्षानुवर्षं बसू शकतात. ताप नाही, पू नाही, पण शरीराला चाहूल लागलेली असते. शस्त्रक्रियेनंतर आत साठलेलं रक्त हे दुसरं कारण. आणि शेक. रेडिएशन घेतलेल्या छातीत हे आवळणं जास्त दिसतं. म्हणून सौंदर्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या बाईपेक्षा कर्करोगानंतर घेतलेल्या बाईला हा त्रास व्हायची शक्यता अधिक. १९७५ पासून डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात, त्यांना बेकर श्रेणी म्हणतात. पहिलीत काहीच जाणवत नाही, चौथीत छाती टणक, आकार बिघडलेला आणि वेदना. आक्का चौथीवर होती.

पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनला बसवलं गेलं. म्हणजे अनुभव साठ वर्षांचा आहे. तरी इम्प्लांट जन्मभर टिकतं हा समज अजून गेलेला नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०११ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की १० वर्षांच्या आत सौंदर्यासाठी बसवलेल्यांपैकी ५ मधल्या १ बाईला आणि कर्करोगानंतर बसवलेल्यांपैकी २ मधल्या १ बाईला ते काढावं लागू शकतं. २०२१ मध्ये तर ही वस्तू जन्मभराची नाही, हा इशाराच इम्प्लांटसोबतच्या माहितीत ठळक चौकटीत छापणं बंधनकारक केलं. असा इशारा मराठीत छापून प्रत्येकीच्या हाती द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आक्काला सर्जनकडे नेलं. त्यांनी आधी सोनोग्राफी, मग एमआरआय सांगितला. कारण वेदनेमागे इम्प्लांटचं स्वतःचं आवरण फाटणं हेही असू शकतं. मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट फुटलं तर दिवसा-दोन दिवसांत छाती बसते आणि लगेच कळतं. सिलिकॉनचा जेल मात्र घट्ट, तो वेष्टणातच राहतो आणि बाईला पत्ताही लागत नाही. एमआरआयमध्ये फाटलेलं आवरण जेलमध्ये शेवयांसारखं तरंगताना दिसतं. म्हणून त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली तपासणी आणि पुढे दर २-३ वर्षांनी एक, असं एफडीए सांगते. सिलिकॉनला एमआरआय चालतो. फक्त काहींना आधी बसवतात त्या फुगवायच्या पिशवीत चुंबक असतं, ती आत असेल तर आधीच सांगायचं.

मग त्यांनी विचारलं, "इम्प्लांट गुळगुळीत होतं की खरखरीत?"

प्रश्न साधा नव्हता. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक लिम्फोमा होतो. तो स्तनाचा कर्करोग नव्हे, वेष्टणात वाढणारा पांढऱ्या पेशींचा कर्करोग. बहुधा ८-१० वर्षांनी एक बाजू अचानक सुजते, आत पाणी साठतं. ते पाणी काढून तपासावं लागतं. वेळेत इम्प्लांट आणि वेष्टण दोन्ही काढलं तर बहुतेक जणी बऱ्या होतात. याच कारणाने २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतले गेले. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनी भीतीपोटी काढून घ्यायची गरज नाही, पण एका बाजूची नवी सूज मात्र एक आठवडाही अंगावर काढू नये. आणि ताप, लाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

आक्काला उत्तर माहीत नव्हतं. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे फोन केला. जुन्या फाइली नष्ट केल्या, असं उत्तर आलं. मला फार राग आला. पण २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमात दाखल रुग्णाची कागदपत्रं ३ वर्षं ठेवायची एवढंच बंधन आहे. इम्प्लांट राहतं दहा-पंधरा वर्षं आणि कागद तीन.

शेवटी भाऊजींनी कपाटातली ट्रंक काढली. रेशनकार्ड, घरफाळ्याच्या पावत्या आणि मुलीच्या पत्रिकेखाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कार्ड होतं. त्यावर चिकटवलेली चिठ्ठी: कंपनी, माप, लॉट नंबर, आणि पृष्ठभाग गुळगुळीत. सर्जनने ते दोनदा वाचलं आणि आक्काकडे बघून मान हलवली. आक्काचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

आवळलेल्या वेष्टणावर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. पूर्वी डॉक्टर हातानेच जोरात दाबून ते फोडायचे, पण त्यात आतल्या इम्प्लांटचं आवरण फुटतं म्हणून ते बंद झालं. म्हणजे मालिशवाल्याकडे जाणं तर मुळीच नको. उपाय शस्त्रक्रियेचा: वेष्टण काढून नवं इम्प्लांट, किंवा पोटाच्या वा पाठीच्या स्वतःच्या मांसाने स्तन घडवणं, किंवा सगळं काढून छाती सपाट ठेवणं. तिन्ही वाटा सर्जनने कागदावर चित्र काढून समजावल्या. भाऊजी काही बोलणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, "डॉक्टर, काढून टाका. परत काय बसवू नका."

काढलेलं वेष्टण तिने बघायला मागितलं. ट्रेमध्ये पांढुरकी, जाड साल होती, मधे मधे वाळलेल्या चुन्यासारखे कण. वर्षानुवर्षं आत राहिलं की त्यात कॅल्शियम साठतं. ते तपासणीला गेलं, पंधरवड्याने अहवाल आला, कर्करोग नाही.

तो अहवाल तिने त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. इम्प्लांट गेलं, आता कार्ड कशाला, म्हणून मी ते बाजूला काढत होते. तिने माझ्या हातातून घेतलं, पुसलं आणि पुन्हा आत सरकवलं.