एका रात्रीपुरता छापलेला कागद : दोन महायुद्धांमधल्या नाटक-जलशांच्या पत्रकांची पार्श्वभूमी

पहिले महायुद्ध संपल्यापासून दुसरे सुरू होईपर्यंतच्या वीस-एकवीस वर्षांत नाटकाचे वेड असलेल्या मराठी घरांत जे कागद साठत गेले, ते आजही जुन्या ट्रंकेत, पंचांगांच्या चळतीत किंवा हिशेबाच्या वह्यांमध्ये दडपलेले सापडतात. अशा गठ्ठ्यात बहुधा नाटकांची हँडबिले, पदांची पुस्तके, तिकिटांचे फाडून उरलेले तुकडे आणि गाण्याच्या जलशांची पत्रके असतात. यांपैकी पदांची पुस्तके सोडली तर काहीही जपून ठेवण्यासाठी छापलेले नव्हते. हँडबिलाचे आयुष्य फार तर दोन दिवसांचे होते, आणि म्हणूनच त्यावर त्या दोन दिवसांत सर्वांना ठाऊक असलेली कोणतीच गोष्ट छापलेली नसे. आज हे कागद वाचताना अडते ते नेमके इथे. ठळक टायपात छापलेला मजकूर ही जाहिरात आहे आणि तिच्यावर जाहिरातीइतकाच विश्वास ठेवावा. इतिहासाला उपयोगी पडतो तो कायद्याने किंवा सोयीसाठी तळाशी बारीक अक्षरांत घालावा लागलेला मजकूर.

या कागदांमागे फिरत्या नाटक मंडळ्यांची व्यवस्था होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाची जी परंपरा सुरू झाली, तिचा बहर १९१० ते १९३० या दोन दशकांत आला. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ १९०८ साली हुबळीला निघाली. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि १९१३ साली ‘गंधर्व नाटक मंडळी’ उभी राहिली. मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ साली ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. या मंडळ्यांना स्वतःचे कायमचे नाट्यगृह नसे. नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी अशी सगळी माणसे बिऱ्हाडासह गावोगाव हिंडत, गावात काही आठवड्यांचा मुक्काम पडे आणि त्या मुक्कामात निरनिराळी नाटके आलटून पालटून होत. आज ‘सौभद्र’, परवा ‘मानापमान’, रविवारी ‘स्वयंवर’ असा क्रम असल्यामुळे प्रत्येक खेळाची वर्दी स्वतंत्रपणे द्यावी लागे. वर्तमानपत्र घेणारी घरे थोडी होती. म्हणून बँड किंवा ताशा वाजवत गावातून टांगा फिरे आणि त्यातून पिवळ्या, गुलाबी, हिरव्या पातळ कागदाची हँडबिले वाटली जात. एकाच घरात एकाच मंडळीची पाच-सहा पत्रके सापडली, तर त्या घरातले कोणी रोज नाटकाला जात होते असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. टांगा दारावरून गेला, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

पत्रकाचा साचा बराचसा ठरलेला होता. वर मंडळीचे नाव, त्याखाली मुक्काम व नाट्यगृह, मग वार आणि तारीख, मग नाटकाचे नाव सर्वांत मोठ्या टायपात, आणि त्याखाली नाटककाराची व नाटकाची स्तुती. शेवटी दर, नियम आणि छापखान्याचे नाव. यांतली शेवटची ओळ आज फार कामाची ठरते आणि ती तिथे असण्याचे कारणही नाटकाशी संबंधित नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणाचे ठिकाण देणे बंधनकारक होते. सरकारला राजद्रोही मजकुराचा माग काढायचा होता. त्या धाकापोटी ‘मृच्छकटिका’च्या हँडबिलावरही छापखान्याचा पत्ता आला. पुढे तो छापखाना कोणत्या पेठेत होता, कधी निघाला, कधी बंद पडला हे माहीत असेल तर पत्रकाचा काळ बराच आवळता येतो. नाटकांवर सरकारची नजर होती ती वेगळीच. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हाताशी होता आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली होती, हे दोन युद्धांमधल्या काळातल्या मालकांच्या चांगले स्मरणात होते. वीर वामनराव जोशांचे ‘रणदुंदुभी’ १९२७ चे आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ चे. ही दोन्ही नाटके ‘बलवंत’ने केली. अशा नाटकांच्या जाहिरातीत संगीताविषयी किती आणि विषयाविषयी किती लिहिले आहे, हे ताडून पाहण्यासारखे असते.

सर्वांत मोठा प्रश्न सालाचा. हँडबिलावर ‘शुक्रवार ता. ८ जुलै’ एवढेच असते, कारण वाचणाऱ्याला चालू वर्ष कोणते हे सांगण्याची गरज नव्हती. ८ जुलैला शुक्रवार या काळात चार वेळा आला : १९२१, १९२७, १९३२ आणि १९३८. केवळ वार-तारखेच्या आधारे यांतले एक निवडता येत नाही. पण त्याच पत्रकावर मुंबईचे बालीवाला ग्रँड थिएटर, ‘मानापमान’ आणि केशवराव भोसले व बालगंधर्व ही दोन्ही नावे असतील, तर प्रश्न उरत नाही. केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजी वारले. त्याआधी तीन महिने, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी, ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमाना’त केशवराव धैर्यधर झाले होते आणि बालगंधर्व भामिनी. हे उदाहरण सोपे आहे, कारण तो प्रयोग गाजला. साध्या मंगळवारच्या ‘संशयकल्लोळा’साठी हीच रीत अधिक चिकाटीने वापरावी लागते : आधी वार-तारखेला बसणारी वर्षे काढायची, मग नटांपैकी कोण कधी मंडळीत आला आणि कधी सोडून गेला ते पाहायचे, आणि शेवटी नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या आधीची वर्षे गाळायची. ‘एकच प्याला’ १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याला प्रथम झाले, नाटककार गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभराच्या आत. तेव्हा १९१८ सालचे म्हणून दाखवले जाणारे ‘एकच प्याला’चे पत्रक १९१८ चे असूच शकत नाही. पत्रकावर तिथी किंवा शक दिला असेल तर काम एका फटक्यात होते, पण तसे क्वचितच घडते.

दरांच्या कोष्टकातूनही काळ कळतो. मुंबई सरकारने करमणूक कराचा कायदा १९२३ साली केला. त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या एखाद्या पत्रकावर दरांपुढे कर निराळा घेण्याची सूचना असेल तर ते त्या सालाच्या आधीचे नाही, हे खात्रीने म्हणता येते. उलट सूचना नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. रुपये आणि आण्यांतले हे दर पिटातल्या स्वस्त जागांपासून ऑर्केस्ट्रातल्या महाग जागांपर्यंत चढत जातात आणि त्यांत स्त्रियांच्या जागांची ओळ वेगळी असते. स्त्रिया सज्जात किंवा बाजूला राखलेल्या भागात बसत, त्यांचा रस्ताही पुष्कळदा निराळा असे, आणि घरंदाज स्त्रियांची सोय स्वतंत्र आहे हे मालकाला मुद्दाम छापावे लागे, कारण ते छापल्याशिवाय अर्धे कुटुंब नाटकाला येत नसे. मुंबईच्या पत्रकांत आणखी एक गोष्ट पाहावी. १९०६ पासून देशभर एकच प्रमाणवेळ आली तरी मुंबई शहराने आपली वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालू राहिली. रेल्वे एका घड्याळावर आणि शहर दुसऱ्यावर चालत असल्यामुळे नाटकाची वेळ कोणत्या घड्याळाची हे स्पष्ट करणे उपनगरातून येणाऱ्यांसाठी अगदी आवश्यक होते. पाच अंकांचे संगीत नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होऊन, ‘वन्स मोअर’ घेत घेत, पहाटेपर्यंत चाले. शेवटच्या गाडीची चिंता करण्याचे कारण त्यामुळे फारसे नसे, पहिल्या गाडीची मात्र असे.

नटांची नावे कशी छापली आहेत यातही त्या काळची समाजरचना उतरली आहे. जुन्या पत्रकांवर मंडळीचे नाव मोठे आणि नटांचे नाव गौण किंवा मुळीच नाही. गंधर्व मंडळीच्या भरभराटीबरोबर हे प्रमाण उलटले आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या पुरुषाचे नाव नाटकाच्या नावाशी स्पर्धा करू लागले. ‘गंधर्व’ या नावाची बाजारातली किंमत इतकी होती की रामभाऊ कुंदगोळकर ‘सवाई गंधर्व’ झाले आणि सौदागर गोरे ‘छोटा गंधर्व’. साथीदारांची नावे आढळली तर ती आवर्जून टिपावीत, कारण गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत होते, आणि अशा वादकांच्या संचारांचा मागोवा घ्यायला दुसरी साधने फार थोडी आहेत. स्त्रियांची नावे नटसंचात दिसू लागणे हा या गठ्ठ्यांतला सर्वांत स्पष्ट सांधा आहे. गायिका हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह नाटके केली, आणि १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले तेव्हा ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. श्री. वि. वर्तकांचे हे नाटक ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावर आधारलेले होते. अंक तीन, पदे मोजकी, रंगलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या खोलीसारखे नेपथ्य. त्यानंतरच्या पत्रकांत भाषा बदलते. दागिने, मखमल आणि मयसभेचे देखावे यांची जागा ‘सामाजिक’, ‘आधुनिक’ अशी विशेषणे घेतात. त्याच वर्षी आलेल्या अत्र्यांच्या ‘साष्टांग नमस्कारा’सारख्या विनोदी नाटकांनी प्रेक्षकाला हसायला बोलावण्याची निराळीच तऱ्हा जाहिरातीत आणली.

पदांची पुस्तके ही या गठ्ठ्यातली सर्वांत टिकाऊ चीज, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. थिएटरच्या दारात काही आण्यांना मिळणाऱ्या या पातळ पुस्तिकेत नाटकातली सगळी पदे क्रमाने असत आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल दिलेली असे. चालीच्या जागी बहुधा दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा मुखडा असतो : कधी जुन्या नाटकातले पद, कधी लावणी, कधी एखादी हिंदुस्थानी चीज. किर्लोस्करांच्या काळात ओव्या, साक्या, दिंड्या आणि कर्नाटकी चाली पुष्कळ होत्या, ‘मानापमाना’त टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग आणला, ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदे बेतली. ज्या मूळ गाण्यांचे पुढे नावही राहिले नाही, त्यांची पहिली ओळ या चालीच्या रकान्यात शिल्लक आहे. पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणाही पुसू नयेत. पदापुढे दोन-तीन उभ्या रेघा असल्या तर त्या बहुधा ‘वन्स मोअर’च्या असतात, आणि मजकूर काटून वर वेगळा शब्द लिहिलेला असला तर गायकाने रंगमंचावर प्रत्यक्षात काय म्हटले याचा तो कदाचित एकमेव पुरावा असू शकतो. एकाच नाटकाच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर पदांची संख्या मोजून पाहावी. कमी झालेली पदे म्हणजे बहुधा प्रेक्षकांना नको झालेली पदे.

जलशांची पत्रके यांच्या मानाने फारच अबोल असतात. पाश्चात्त्य मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेत कोणत्या क्रमाने काय वाजणार ते आधीच छापलेले असते. आपल्याकडे गवई काय गाणार हे त्याच्या मनावर, वेळेवर आणि समोर बसलेल्यांवर अवलंबून, त्यामुळे पत्रकात नाव, साथ, जागा, वेळ आणि दर यांपलीकडे छापण्यासारखे काही नसेच. त्यातला दर हीच खरी बातमी होती. गाणे दरबारात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात किंवा देवळात ऐकायचे, अशी चाल असलेल्या समाजात तिकीट काढून कोणीही ऐकावे ही कल्पना विष्णु दिगंबर पलुसकरांनी आणि अब्दुल करीम खांनी आपल्या संगीतविद्यालयांच्या खर्चासाठी जलसे करून रुळवली. हिराबाईंनी खुर्चीवरच्या प्रेक्षकांसमोर तिकिटाचे जाहीर जलसे केले, तेव्हा स्त्रीच्या गाण्यालाही तीच प्रतिष्ठा मिळाली. बडोद्यापासून १९१६ साली सुरू झालेल्या भातखंड्यांच्या अखिल भारतीय संगीत परिषदांनी गवयांना व्याख्यानांच्या शेजारी आणून बसवले, आणि मुंबईचे रेडिओ केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाल्यावर त्याच गवयांना ऐकायला घराबाहेर पडण्याचीही गरज उरली नाही.

१९३१ नंतर गठ्ठा पातळ होत जातो. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला, पुढच्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि मंडळ्यांच्या मुक्कामांसाठी मिळणारी थिएटरे एकेक करून बोलपटांकडे गेली. ‘बलवंत’ने स्वतःच १९३४ साली चित्रपट काढला आणि बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ म्हणून पडद्यावर दिसले. या सुमाराच्या गठ्ठ्यांत हँडबिलांऐवजी बोलपटांच्या पुस्तिका दिसू लागतात. त्यांत कथासार, नटसंच आणि गाण्यांचे शब्द यांची मांडणी नाटकाच्या पदांच्या पुस्तकासारखीच असते, फक्त वर छायाचित्र आलेले असते आणि चालीचा रकाना नाहीसा झालेला असतो, कारण चाल आता तबकडीवर विकत मिळत होती. गठ्ठा लावताना नाटकाचे आणि सिनेमाचे कागद निरनिराळ्या पाकिटांत टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि ज्या क्रमाने ते ठेवलेले सापडले तो क्रम आधी लिहून घ्यावा. गंजलेल्या टाचण्या काढून टाकाव्यात, फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नये, आणि पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला किराण्याची यादी किंवा दुधाचा हिशेब लिहिलेला असेल, तर साल शोधताना त्या भावांकडेही एकदा पाहून घ्यावे.