पाकिटावर 'पर्यावरणपूरक' लिहिण्याआधी

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवं पाकीट, डबा किंवा लोगो करून घ्यायला येणारे बरेच जण हल्ली हमखास म्हणतात, "जरा इको-फ्रेंडली लुक द्या." म्हणजे खाकी रंग, हिरवं पान, जमल्यास सुतळीची गाठ. लुक द्यायला तासभर पुरतो. पण त्याआधी आम्ही काय विचारतो, काय सुचवतो आणि कशाला नाही म्हणतो ते एकदा कागदावर आलेलं बरं, म्हणून हे पत्रक. मसाले, लोणची, गूळ, घाण्याचं तेल, काजू, पापड करणारे लहान उद्योजक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. मोठ्या कंपन्यांनाही यातलं बरंचसं लागू होतं, पण त्यांच्याकडे सांगायला वकील असतात.

खाकी म्हणजे कागदी नव्हे

बाजारात तयार मिळणारा खाकी झिप पाउच रिकामा करून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी बाहेरचा कागद बोटाने चोळला की लगदा होऊन सुटतो आणि हातात उरते आतली प्लास्टिकची फिल्म, कधी पारदर्शक, कधी चंदेरी. माल दिसावा म्हणून पुढे ठेवलेली खिडकी, तीही प्लास्टिकचीच. असा पाउच कागद गिरणीला नको असतो, कारण आत प्लास्टिक. आणि प्लास्टिकवाल्याला नको असतो, कारण वर कागद. पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई सुका कचरा निवडतात, तेव्हा भंगारात ज्याला भाव आहे ते बाजूला निघतं. हा पाउच त्यात बसत नाही. त्याच्या शेजारची साधी पॉलिथिनची पिशवी दिसायला अगदीच सामान्य, पण एकाच जातीचं प्लास्टिक असल्याने तिचं पुढे काही होण्याची शक्यता जास्त.

पुठ्ठ्याच्या डब्याचंही तेच. कोपरा सावकाश फाडून बघा. फाटताना पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला गेला, तर वर लॅमिनेशन आहे. मॅट लॅमिनेशन हाताला छान लागतं, हे आम्हीही मान्य करतो. पण आतला माल वेगळ्या पिशवीत असेल आणि डबा महिन्याभरात रद्दीत जाणार असेल, तर पाण्यावर आधारित कोटिंग पुरतं. शिवाय पाठीमागून करडा दिसणारा ड्युप्लेक्स बोर्ड मुख्यतः रद्दीपासूनच बनतो आणि पांढऱ्याशुभ्र बोर्डापेक्षा स्वस्त पडतो. तो करडा रंग लपवायचा आग्रह का धरतात, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही.

मग प्लास्टिक सोडूनच द्यायचं? नाही. कोकणातल्या पावसात कागदी पुडीतले काजू आठवड्यात सादळतात, आणि फेकून दिलेले काजू पिकवायला, भाजायला, सोलायला जे लागलं ते पिशवीपेक्षा कितीतरी जास्त. ओलाव्याने बिघडणाऱ्या मालाला चांगली पिशवी हवीच. ती शक्यतो एकाच जातीच्या प्लास्टिकची असावी, गरजेपेक्षा मोठी नसावी, एवढंच आम्ही बघतो. आणि 'गावाकडचा फील' म्हणून वर्तमानपत्राची पुडी कोणी सुचवली तर ती आमच्याकडून होणार नाही. छपाईची शाई खाण्याला लागता कामा नये, म्हणून एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या पॅकेजिंग नियमांनी खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्राला मनाई केली आहे.

'कम्पोस्टेबल' पिशव्यांबद्दल विचारणा फार होते. या पिशव्यांसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि विकणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते आधी मागून घ्या. त्यातही ही पिशवी नीट कुजते ती मोठ्या खत प्रकल्पातल्या सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत. परसातल्या खड्ड्यात किंवा कुंडीत ती तशी कुजेलच असं नाही. तुमचं गिऱ्हाईक ज्या गावात आहे तिथे असा प्रकल्प नसेल, तर जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

शब्दांची किंमत

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाखाली होणाऱ्या दिशाभुलीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्रीन, इको-फ्रेंडली, नॅचरल, ऑरगॅनिक, सस्टेनेबल असे शब्द नुसते ठोकून देता येत नाहीत. कशाच्या आधारावर म्हणता ते सोबत सांगावं लागतं आणि पुरावा जवळ ठेवावा लागतो. दावा आतल्या मालाबद्दल आहे, पाकिटाबद्दल आहे की बनवण्याच्या पद्धतीबद्दल, हेही स्पष्ट हवं. या सूचना जाहिरात करणाऱ्या एजन्सीलाही लागू आहेत, त्यामुळे यात आमचीही मान अडकलेली आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'जाहिरात' म्हणजे फक्त होर्डिंग नव्हे: लेबल, वेष्टन, बिलसुद्धा त्यात येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

नुसता हिरवा रंग किंवा झाडाचं चित्र वापरलं म्हणून कोणी पकडत नाही, जोवर त्यातून फसवणूक होत नाही. (गर्द हिरव्या रंगाने अख्खं पाकीट भरायला शाई मात्र भरपूर लागते, ही गंमत वेगळीच.) चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहाराचा, त्याचा पर्यावरणाशी संबंध नाही. तीन बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असेल, तर तो प्लास्टिकची जात सांगतो. ते प्लास्टिक तुमच्या गावात पुन्हा वापरात येतं, असं तो सांगत नाही. 'सेंद्रिय' लिहायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणन योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र हवं. "आमच्या शेतात खत घालतच नाही हो," हे खरं असलं तरी लेबलावर चालत नाही.

मोघम शब्दांपेक्षा काय केलं तेच लिहा, असा आमचा सल्ला असतो. 'निसर्गस्नेही पॅकेजिंग' याऐवजी 'डबा रद्दीपासून बनवलेल्या पुठ्ठ्याचा, लॅमिनेशन नाही. आतली पिशवी पॉलिथिनची. धुऊन, सुकवून सुक्या कचऱ्यात द्या.' पुणेरी पाटीइतकं नेमकं लिहिलं की वाचणाऱ्याचा विश्वासही बसतो आणि तुम्हाला नोटीसही येत नाही.

पाच मिलिमीटर

खरी बचत चित्रात नसते, मापात असते. २३ बाय ३६ इंचाच्या शीटवर छपाई यंत्र धरतं ती कडेची पकड सोडून साधारण साडेबावीस बाय साडेपस्तीस इंच जागा वापरता येते. तुमचा डबा उलगडल्यावर ७.४ बाय ११.५ इंचांचा असेल, तर एका शीटवर तीन गुणिले तीन, असे नऊ बसतात. तोच ७.६ इंच रुंद केला, की रुंदीत दोनच मावतात आणि नऊचे सहा होतात, कारण पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, सगळ्या डब्यांना एकाच दिशेने ठेवायचा असतो. फरक पाच मिलिमीटरचा, आणि पुठ्ठा दीडपट. म्हणून डिझाइन सुरू करण्याआधी आम्ही तुमच्या मालाचं पाकीट मोजतो आणि डाय, म्हणजे डबा कापायचा साचा, बनण्यापूर्वी छापखान्याशी बोलतो. आधी चित्र मंजूर करून मग माप बदलायचं म्हटलं की सगळ्यांचाच वेळ जातो. पाउच ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने, छापायचा असेल, तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. आठ रंगांचं काम चारात बसवणं हे आमचं कौशल्य समजा, कंजूषपणा नव्हे.

क्यूआर कोड कशासाठी

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या वर सांगितलेल्या सूचनांप्रमाणे दाव्याचा तपशील क्यूआर कोडमागे देता येतो, आणि लहान पाकिटावर ती मोठीच सोय आहे. प्रमाणपत्राची प्रत, पिशवी कशाची, टाकायची कुठे, हे सगळं तिथे ठेवू. पण वजन, किंमत, तारीख, घटक पदार्थ, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक पाकिटावरच हवा.

कोड कुठून बनवता याला महत्त्व आहे. फुकट कोड देणाऱ्या काही संकेतस्थळांवर तो त्यांच्या दुव्यावरून फिरून जातो. वर्षभराने त्यांनी पैसे मागितले आणि तुम्ही भरले नाहीत, की छापलेली सगळी पाकिटं मुकी. म्हणून आम्ही कोड तुमच्या स्वतःच्या डोमेनवरच्या पत्त्याला जोडतो. पान बदललं तरी पत्ता तोच राहतो. आकार दोन सेंटिमीटरपेक्षा कमी करत नाही, भोवती रिकामी जागा सोडतो आणि पाउचच्या घडीवर तो येऊ देत नाही. खाकी कागदावर तपकिरी किंवा हिरवा कोड फोनला नीट दिसत नाही. तिथे पांढरी पट्टी आणि काळा कोड, दिसायला थोडं खटकलं तरी.

पान मराठीत, हलकं आणि युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधला मजकूर शोधात सापडत नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे मुक्त परवान्याचे फॉन्ट चांगले आहेत, वेगळे पैसे पडत नाहीत. एआयने बनवलेलं हिरवंगार शेत मात्र तुमचं शेत म्हणून आम्ही छापणार नाही. फोनवर काढलेला साधा फोटो पाठवा.

फ्लेक्सबद्दल थोडं

१ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक वा पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची पातळ फिल्मही त्याच यादीत आहे. दुकानासाठी कापडी बॅनर करून देतो. त्यावर साल आणि तारीख छापत नाही, म्हणजे यंदाचा 'शुभ दीपावली' पुढच्या वर्षीही लावता येतो.

पहिल्या भेटीला येताना सध्याचं पाकीट भरलेलं एक आणि रिकामी दोन-तीन आणा, पिशवी पुरवणाऱ्याचं बिल आणि थरांची माहिती आणा, असतील ती प्रमाणपत्रं मुदतीच्या तारखेसह आणा. लोगोसाठी आवडलेली चित्रं नंतर पाठवली तरी चालतील.