पळून वजन उतरतं का? या प्रश्नामागची सत्तर वर्षं

जॉगिंगची लाट आली ती वजनासाठी नव्हे, हृदयासाठी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी मध्यमवयीन आणि निवृत्त माणसांना सावकाश पळायला लावलं. त्यांतल्या काहींना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला होता. अशा रुग्णाला अंथरुणात पडून राहायला सांगायचे ते दिवस! १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगॉनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले, त्या मंडळींबरोबर पळाले, आणि पन्नाशीत असूनही सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांपुढे त्यांची दमछाक झाली. घरी परतल्यावर त्यांनी युजीनमध्ये सामान्य लोकांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले. १९६८ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ‘एरोबिक्स’ हा शब्द घरोघरी पोचवला. त्यांचाही भर दमसास आणि हृदयावरच होता.

वजनाची आशा ठळकपणे जोडली गेली ती अमेरिकी लेखक जिम फिक्स यांच्यामुळे. पस्तिशीत पळायला लागले तेव्हा त्यांचं वजन शंभर किलोच्या आसपास होतं आणि दिवसाला दोन पाकिटं सिगारेट लागायची. सिगारेट सुटली, पंचवीसेक किलो वजन उतरलं आणि १९७७ मधल्या त्यांच्या पळण्यावरच्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. १९८४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, पळतानाच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. पळणं घातक आहे असा बोभाटा तेव्हा झाला, पण त्यांच्या वडिलांनाही पस्तिशीतच झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते, हे फार थोड्यांनी लक्षात घेतलं.

वजनाबाबतचा मूळ अभ्यास मात्र याआधीचा आहे, आणि तो आपल्याच देशातला. १९५६ मध्ये पोषणतज्ज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या दोनशेहून अधिक पुरुषांचं खाणं, वजन आणि कामाचं स्वरूप यांची सांगड घातली. ठेल्यावर दिवसभर बसून असणारे दुकानदार, कारकून, यंत्रावरचे कामगार, कोळसा आणि ओझी वाहणारे असे सगळे त्यात होते. बैठ्या माणसांचं वजन सर्वांत जास्त भरलं आणि ते हलकं काम करणाऱ्यांपेक्षा खातही जास्त होते. हलक्या कामापासून अतिकष्टाच्या कामापर्यंत मात्र कष्ट वाढले तसं खाणं वाढत गेलं आणि वजन जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे थोडी हालचाल भुकेला ताळ्यावर ठेवते, पण त्यापुढचे कष्ट शरीर जेवणातून भरून काढतं. व्यायामाच्या प्रचारकांनी यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला, असं मला वाटतं. पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

त्याच काळात लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसच्या जिन्यावरून दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असं दाखवलं होतं. १९५६ मध्ये त्यांच्या गटाने गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटची कंबर नोकरीला लागतानाच मोठी निघाली! पळणारी माणसं सडपातळ दिसतात ती पळून झालेली, की सडपातळ होती म्हणून पळायला लागली, ही शंका तेव्हापासूनची.

मग आला हिशेब. १९५८ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नोफ्स्की यांनी मांडलेल्या आकड्यानुसार एक किलो वजन म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पळायला शरीराच्या दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे सुमारे एक कॅलरी लागते, मग वेग कमी असो वा जास्त. सत्तर किलोच्या माणसाने पाच किलोमीटर पळून साधारण ३५० कॅलरी जाळल्या. आठवड्यात पाच दिवस पळालं तर कागदावर वर्षाला जवळजवळ बारा किलो उतरायला हवेत. पण त्या ३५० मध्ये नुसतं बसून राहिलं असतं तरी जळणाऱ्या कॅलरीही धरलेल्या असतात, आणि पळून आल्यावर खाल्लेला एक वडापाव जवळपास सगळी कमाई परत देतो. शिवाय वजन उतरलं की तेवढंच अंतर पळायला कमी ऊर्जा लागते.

प्रत्यक्ष प्रयोगात तेच दिसलं. अमेरिकेत जोसेफ डॉनेली यांच्या गटाने वजनदार तरुण-तरुणींकडून १६ महिने, आठवड्यातून पाच दिवस, देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. बहुतेक ट्रेडमिलवरचं चालणंच. २००३ मधल्या निष्कर्षांत पुरुषांचं वजन सरासरी पाच किलोच्या वर उतरलं. स्त्रियांचं होतं तेवढंच राहिलं, पण व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांचं वाढलं. या ‘राहिलं’ला कुणी यश म्हणत नाही, हे मला खटकतं. २०१२ मध्ये हर्मन पॉन्टझर यांनी टांझानियातल्या हाडझा जमातीच्या, शिकार करून जगणाऱ्या लोकांचा ऊर्जाखर्च मोजला. दिवसभर पायपीट करूनही, शरीराचा आकार जमेस धरला, तर त्यांचा एकूण ऊर्जाखर्च शहरी पाश्चात्त्यांएवढाच निघाला. त्याचा अर्थ काय लावायचा यावर वाद अजून चालू आहे.

तरी पळण्याच्या बाजूचाही पुरावा आहे. २०१३ मध्ये पॉल विल्यम्स यांनी हजारो पळणाऱ्यांची आणि चालणाऱ्यांची सहा वर्षांची माहिती ताडून पाहिली. तेवढीच ऊर्जा खर्च करूनही पळणाऱ्यांचं वजन जास्त आटोक्यात राहिलं, विशेषतः मुळात वजनदार असलेल्यांचं. आणि १९९४ मध्ये अमेरिकेत, किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची नोंदवही सुरू झाली. त्यांचा सगळ्यात आवडता व्यायाम चालणं. दहातल्या जवळपास नऊ जणांनी आहार आणि व्यायाम दोन्ही धरले होते. नुसत्या व्यायामावर वजन उतरवलेले शंभरात एखादाच.