ऑनलाइन अभ्यासक्रमातील विद्यार्थी-आचार : ठाणे व नवी मुंबई

महाविद्यालयाचा एखादा विषय इंटरनेटवरून शिकताना विद्यार्थ्याने पाळावयाची शिस्त व सभ्यता. हजेरी, तासाला वागण्याची रीत, शिक्षकांशी पत्रव्यवहार, गृहपाठातील प्रामाणिकपणा आणि परीक्षेचे नियम एवढे सगळे त्यात येते. ठाणे व नवी मुंबईत मार्च 2020 मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि ऑनलाइन तास एकाएकी घरोघरी आले. पुढे वर्ग भरू लागले, तरी ऑनलाइन विषय राहिलेच. 9 जुलै 2017 रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमानुसार पदवीत धरता येतात, एका सत्रातील विषयांपैकी 40 टक्क्यांपर्यंत ही मुभा आहे. त्यामुळे असा विषय हलक्यात घेणे म्हणजे पदवीच हलक्यात घेणे होय.

थेट तासाला कॅमेरा सुरू ठेवण्याचा सरसकट आग्रह मात्र योग्य नाही. दिवा, कळवा किंवा कोपरखैरण्यात कित्येक मुले एका खोलीच्या घरात, भावंडांच्या आणि स्वयंपाकाच्या गडबडीत बसून शिकतात. आपले घर सगळ्या वर्गाला दिसावे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांना असला पाहिजे. त्याऐवजी पडद्यावर टोपणनाव न लावता पूर्ण नाव व रोल नंबर असावा, माइक म्यूट असावा आणि नाव पुकारल्यावर उत्तर यावे, इतकी अपेक्षा शिक्षकाने जरूर ठेवावी. लॉगिन करून झोपी जाणारा विद्यार्थी त्या हाकेलाच सापडतो. ठाणे–वाशी लोकलमध्ये उभ्याने ऐकलेला थेट तासही हजेरीत धरू नये. रेकॉर्ड केलेले व्याख्यान दुसऱ्यांदा ऐकायला तो प्रवास चांगला.

शिक्षकांना निरोप पाठवण्याची रीत शिकवावी लागते, कारण ती शाळेत कोणी शिकवलेली नसते. रात्री साडेअकराला नुसते ‘सर, लिंक?’ असे आले, तर कोणाचा कोणता विषय हे सरांनी शोधत बसायचे. ‘नमस्कार मॅडम, मी एस. वाय. बी. कॉम., ब तुकडी, रोल नंबर 42. तिसऱ्या असाइनमेंटचा दुसरा प्रश्न समजला नाही. पान 18 वरचे उदाहरण पाहिले आहे’ असे लिहिले की उत्तर लवकर येते आणि कामाचे येते. वहीची पाने मोबाइलने टिपून पाठवतानाही तीच काळजी घ्यावी : पाने सरळ, क्रमाने, एकाच पीडीएफमध्ये, आणि फाइलला स्वतःचे नाव. साठ-साठ वह्या मोबाइलवर तपासणाऱ्या माणसाचे डोळे त्यामुळे वाचतात.

परवानगीवाचून तास रेकॉर्ड करणे, शिक्षिकेच्या चेहऱ्याचा स्क्रीनशॉट काढून स्टिकर बनवणे हे गैरवर्तन आहे. त्याला गंमत म्हणून सोडून देऊ नये.

नकलेचा प्रश्न सर्वांत मोठा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमातील विषयांत दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि तिची उत्तरे व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतात. ती टिपणाऱ्याने गुणांचा हिशेब पाहावा. बारा आठवड्यांच्या विषयात उत्तम आठ असाइनमेंटच्या सरासरीला 25 गुण, केंद्रावरच्या परीक्षेला 75. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 गुण लागतात, म्हणजे 25 पैकी 25 मिळवलेलाही परीक्षेत 29 वर अडकला तर हात रिकामेच. शिवाय बारांतून आठच धरले जात असल्याने एखाद्या आठवड्यात वीज गेली, घरी आजारपण आले, तरी नुकसान होत नाही. प्रामाणिक मुलासाठी ही सोय आधीच करून ठेवली आहे. मित्राशी चर्चा करावी, रीत समजून घ्यावी, उत्तर मात्र स्वतः काढावे. चॅटजीपीटीसारख्या साधनांचेही तसेच : शिक्षकाने परवानगी दिली असेल तर वापरावे, आणि वापरले हे लिहावे.

आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊन चाचणी सोडवून घेणे याहून गंभीर आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रबंधांतील वाङ्मयचौर्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे वेगळे विनियम आहेत : 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, 60 टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते.

मुदत बहुधा रात्री 11.59 ची असते. शेवटच्या दहा मिनिटांत संकेतस्थळ अडकते, महावितरणचा पुरवठाही नेमका तेव्हाच जाऊ शकतो. म्हणून काम आदल्या संध्याकाळी पाठवून पोच जपून ठेवावी. अडचण आलीच तर मुदत उलटण्यापूर्वी कळवावे. स्वयम् आणि एनपीटीईएलच्या परीक्षेसाठी वेगळा अर्ज व शुल्क भरावे लागते, शहरही त्यातच निवडायचे असते. त्या तारखा विषयाला नाव नोंदवतानाच वहीत लिहून ठेवाव्यात. परीक्षेला जाताना हॉल तिकीट आणि छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र सोबत न्यावे.