व्ह्यू फिल्टर आणि शेड्यूल फिल्टर : पडदा कुठला, चाळण कुठली?

अमळनेरजवळच्या एका बैठ्या बंगल्याचं काम होतं. एकूण 14 दरवाजे. त्यातले 11 सागवानी चौकटीचे, म्हणजे सुताराकडचे. उरलेले 3 बाथरूमचे, ग्रॅनाइटच्या चौकटीचे. सुताराचा गोंधळ होऊ नये म्हणून मी रेव्हिटमध्ये (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल आणि त्यावरून नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) प्लॅनवर फिल्टर लावून बाथरूमचे दरवाजे दिसेनासे केले आणि त्याच शीटवर (छापायच्या पानावर) दरवाज्यांचं शेड्यूल, म्हणजे मोजणीचा तक्ता, ठेवून प्रिंट पाठवली. पंधरा दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला, "भाऊ, ह्या तीन चौकटी लावू कुठं?"

प्लॅनवर दरवाजे 11 होते, तक्त्यात 14. मिस्त्रींनी लाकूड कापलं ते तक्ता बघून, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी फिल्टर लावला होता, पण चुकीच्या जागी. जळगाव-धुळ्याकडची नवी मुलं आमच्याकडे शिकायला येतात, तेव्हा हाच घोळ पुन्हा दिसतो. दोन्हींचं नाव फिल्टर, दोन्हीकडे अटी सारख्याच दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

व्ह्यू फिल्टर म्हणजे पडदा. व्हिजिबिलिटी-ग्राफिक्सच्या खिडकीत तो लावायचा. ज्या व्ह्यूला (प्लॅन, सेक्शन अशा एखाद्या दृश्याला) लावला त्या व्ह्यूत ती वस्तू दिसत नाही, किंवा वेगळ्या रंगात दिसते. पडद्यामागे वस्तू जिथल्या तिथे असते, आणि शेड्यूल तिला मोजतं. शेड्यूल हे प्लॅन बघून बनत नाही, ते थेट मॉडेलमधून मोजतं.

शेड्यूल फिल्टर म्हणजे चाळण. तक्त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये फिल्टर टॅबवर अट घातली की अटीत न बसणाऱ्या ओळी गळतात. प्लॅनवर मात्र रेघसुद्धा हलत नाही. ही चाळण त्या एकाच तक्त्यापुरती असते. व्ह्यू फिल्टर एकदा बनवला की प्रोजेक्टमधल्या हव्या तितक्या व्ह्यूंना लावता येतो.

इथे एक धोका आधीच सांगतो. नको असलेली ओळ चाळणीने न काढता कोणी सरळ डिलीट करतं. मग तो दरवाजाच मॉडेलमधून जातो, प्लॅनवर त्या जागी भिंत सलग होते. 'आयटमाइझ एव्हरी इन्स्टन्स'ची (प्रत्येक नगाची वेगळी ओळ दाखवण्याची) खूण काढलेली असेल आणि एका ओळीत चार दरवाजे असतील, तर चारही जातात. तक्त्याला कागद समजू नका, तो मॉडेलच आहे.

अटींच्या बाबतीतही दोन्ही सारखे नाहीत. शेड्यूल फिल्टरच्या सगळ्या अटी 'आणि'ने जोडलेल्या असतात. 'मटेरियल इक्वल्स सागवान' आणि खाली 'मटेरियल इक्वल्स डब्ल्यूपीसी' (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) लिहिलंत तर तक्ता रिकामा होतो, कारण एकच दरवाजा दोन्ही कसा असेल? व्ह्यू फिल्टरमध्ये 2019 च्या आवृत्तीपासून 'किंवा'ची सोय आहे, शेड्यूलमध्ये ती मिळत नाही.

त्यावर आम्ही असं करतो. दरवाज्यांसाठी 'सुताराचं काम' नावाचा हो-नाही स्वरूपाचा प्रोजेक्ट पॅरामीटर, म्हणजे वस्तूला जोडलेला माहितीचा रकाना, बनवतो. तो टाइपवर (दरवाज्याच्या प्रकारावर) न ठेवता इन्स्टन्सवरच (एकेका दरवाज्यावर) ठेवतो. टाइपवर ठेवला तर एका दरवाज्याला खूण करताच त्या टाइपचे सगळे दरवाजे सुताराच्या नावावर चढतात. मग तो पॅरामीटर शेड्यूलच्या फील्डमध्ये घ्यायचा. तक्त्यात नसलेल्या फील्डवर चाळण लागत नाही. अट 'इक्वल्स येस'. प्रिंटमध्ये तो रकाना नको असेल तर फॉरमॅटिंगमध्ये 'हिडन फील्ड'वर खूण करा. रकाना लपतो, अट चालू राहते. ज्या दरवाज्याला कोणी हातच लावला नाही तो यादीत येत नाही, म्हणून प्रिंटआधी बेरीज प्लॅनशी ताडून बघायची. मजकुराच्या फील्डवर अट असेल तर हे ताडणं आणखी गरजेचं: एकाने 'सागवान' आणि दुसऱ्याने 'साग' लिहिलं की 'इक्वल्स' त्यातला एक सोडून देतं.

जुन्या वाड्याची डागडुजी असेल तर फेजकडे (जुनं, पाडायचं, नवं अशा कामाच्या टप्प्याकडे) बघा. शेड्यूलला स्वतःचा फेज आणि फेज फिल्टर असतो. प्लॅनवर पाडकामाचे दरवाजे दिसत नाहीत म्हणून ते तक्त्यात नसतील असं गृहीत धरता येत नाही.

पडदा आणि चाळण यांची गाठ एका ठिकाणी पडते. रेव्हिट 2022 पासून शेड्यूलच्या फिल्टर टॅबवर 'फिल्टर बाय शीट' आलं. ते चालू केलं की शीटवरचा तक्ता त्याच शीटवरच्या व्ह्यूंमध्ये जे दिसतं तेवढंच दाखवतो. अमळनेरच्या कामात ती एक खूण केली असती, तर माझा तक्ताही 11 वर आला असता. तरी सुताराच्या यादीसाठी मी आजही पॅरामीटरच वापरतो. उद्या कोणी व्ह्यूवरचा फिल्टर काढला, तर शीटच्या भरवशावरचा तक्ता गुपचूप पुन्हा 14 होतो.