प्रोसेसर एकच, मग लिनक्सचा प्रोग्रॅम विंडोजवर अडतो कुठे?

‘विंडोजमध्ये लिनक्स चालवायचं म्हणजे एम्युलेटर आला, आणि एम्युलेटर म्हटलं की मशीन रखडणारच.’ ऑपरेटिंग सिस्टिमची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की अभियांत्रिकीच्या मुलांमध्ये ही समजूत दरवर्षी नव्याने पसरते. मग लिनक्स वेगळं बसवायचं म्हणून कोणीतरी डिस्कचं पार्टिशन करायला घेतं आणि त्यात घरच्या लग्नाचे फोटो जातात. एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लागतो तो प्रोसेसर वेगळ्या जातीचा असेल तेव्हा. इथे लॅपटॉप तोच आणि त्यातला इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसरही तोच. बेरजेची सूचना लिनक्सच्या कंपायलरमधून आली की विंडोजच्या एक्सेलमधून, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तरीही लिनक्सची फाईल विंडोजवर डबल-क्लिक केली तर ती चालत नाही. का?

पहिली अडचण किरकोळ आहे, ती फाईलच्या बांधणीची. विंडोजच्या ईएक्सई फाईलची सुरुवात ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी होते (मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमरची ती आद्याक्षरं). लिनक्सची फाईल स्वतःची ओळख ‘ईएलएफ’ अशी सांगते. दोन्ही ओळखणारा लोडर, म्हणजे फाईल मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम, लिहिणं फार कठीण नाही. खरी गोम पुढेच आहे.

प्रोग्रॅम एकट्याने फक्त आकडेमोड करू शकतो. स्क्रीनवर अक्षर उमटवायचं, फाईल उघडायची, नेटवरून काही मागवायचं, तर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, अर्ज करावा लागतो. याला सिस्टिम कॉल म्हणतात. कारभार सरकारी कचेरीच्या खिडकीसारखा: नमुना क्रमांक अमुक, रकाने नीट भरलेले, तोंडी काहीही ऐकून घेतलं जाणार नाही.

समजा, लिनक्समध्ये ‘नमस्कार’ छापायचं आहे. प्रोग्रॅम आरएएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, १ ठेवतो. ६४ बिटी लिनक्समध्ये १ म्हणजे ‘लिहा’. आरडीआयमध्येही १, म्हणजे नेहमीच्या आउटपुटवर, बहुधा टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत. आरएसआयमध्ये मजकुराचा मेमरीतला पत्ता. आरडीएक्समध्ये लांबी: २१ बाइट. ‘स’चा पाय मोडण्याची खूण आणि ‘का’चा काना धरून ‘नमस्कार’मध्ये सात चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मग ‘सिसकॉल’ ही एकच सूचना, की ताबा कर्नलकडे.

हाच प्रोग्रॅम विंडोजच्या कर्नलपुढे उभा केला तर १ क्रमांकाचा अर्थ भलताच निघेल. विंडोजमध्ये हे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. तिथे भरवसा ठेवायचा तो कर्नलच्या वरच्या लायब्ररींवर, म्हणजे तयार कोडच्या संचांवर. लिनक्समध्ये मात्र एकदा दिलेला क्रमांक कायमचा. म्हणूनच ‘लिनक्सचे अर्ज घ्यायचे आणि ते विंडोजच्या भाषेत करून द्यायचे’ ही कल्पना निदान सुचण्यासारखी होती.

बरेचसे अर्ज निमूटपणे बदलून देता येतात. पण लिनक्सच्या सिस्टिम कॉलच्या यादीत ५७ क्रमांकावर माझा सगळ्यात लाडका कॉल आहे, फोर्क. तो एकदा बोलावला जातो आणि दोनदा परततो. चालू प्रोग्रॅमची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते आणि त्याच ओळीवरून दोघे पुढे चालू लागतात. मूळ प्रोग्रॅमला उत्तर म्हणून पोराचा क्रमांक मिळतो, पोराला मिळतं शून्य. ‘मी कोण?’ हे दोघांना एवढ्यावरूनच कळतं. आता प्रोग्रॅमने ३०० एमबी मेमरी अडवली असेल तर ती सगळी कॉपी करायची? नाही. मेमरीची पानं साधारणपणे ४ केबीची असतात. कर्नल पानांची फक्त यादी कॉपी करतो, दोघांनाही तीच पानं दाखवतो आणि त्यांवर ‘फक्त वाचा’ असा शिक्का मारतो. ज्याला पहिल्यांदा लिहायचं असेल तो अडतो, प्रोसेसर पेज फॉल्ट उठवतो, आणि कर्नल तेवढ्या एकाच पानाची प्रत काढून देतो. बाकीची हजारो पानं सामाईकच राहतात. आज्ञा घेणारा शेल, प्रोग्रॅम बांधून देणारे मेक आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट ही सगळी मंडळी फोर्कचा वापर पाण्यासारखा करतात, कारण तो इतका स्वस्त आहे.

विंडोजच्या सर्वसाधारण प्रोग्रॅमला हे दारच नाही. तिथे नवा प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, फाईलमधून कोरा उभा राहतो. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत सुरू झालेल्या सिगविनने, म्हणजे लिनक्ससारखे प्रोग्रॅम विंडोजवर चालवण्याच्या सोयीने, यावर जी तोड काढली ती पाहून हसू येतं आणि कौतुकही वाटतं: कोरा प्रोसेस उभा करायचा, त्याला तिथेच थोपवायचं आणि आईची मेमरी त्यात ओतायची. यात सगळ्या डीएलएल (विंडोजच्या लायब्ररींच्या फाईली) पोरामध्येही नेमक्या त्याच पत्त्यांवर बसाव्या लागतात. एखाद्या अँटीव्हायरसने आपली डीएलएल मध्येच घुसवून जागा अडवली, की फोर्क फसला. वेगाचं तर विचारूच नका. शिवाय लिनक्सची तयार फाईल चालत नाही ती नाहीच. प्रत्येक प्रोग्रॅम मूळ कोडपासून पुन्हा कंपाइल करायचा.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये डब्ल्यूएसएल, म्हणजे ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’, आणलं. ही पहिली आवृत्ती म्हणजे शुद्ध दुभाषा. उबुंटू या लिनक्सच्या अवताराच्या तयार फाईली न बदलता चालत. त्यांचा सिस्टिम कॉल आला की तो विंडोजच्या कर्नलमधल्या एका खास ड्रायव्हरकडे जाई आणि तो काम उरकून देई. फोर्कसुद्धा खरा. प्रोग्रॅमने ‘कर्नल कोणता?’ विचारलं तर ‘४.४’ असं उत्तर मिळे, आणि असा कर्नल तिथे नसेच.

इतकी देखणी रचना टिकली नाही याची मला आजही हळहळ वाटते. दोन्ही घरच्या रीतीच वेगळ्या. लिनक्समध्ये उघडी असलेली फाईल खुशाल पुसता येते. विंडोज परंपरेने ‘फाईल वापरात आहे’ म्हणून अडवतो. हजारो बारक्या फाईली उघडणारं गिट, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, तिथे रेंगाळे. प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणाऱ्या डॉकरला लागणाऱ्या कर्नलच्या सोयी तर नव्हत्याच. मग २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०२० मध्ये सर्वांना मिळालेल्या दुसऱ्या आवृत्तीत दुभाषाला निरोप देऊन खराखुरा लिनक्स कर्नलच हायपर-व्ही या विंडोजमधल्या सोयीच्या एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात, बसवला. टारबॉल (अनेक फाईलींचं एकत्र गाठोडं) उघडणं पहिल्या आवृत्तीपेक्षा वीसपटीपर्यंत आणि गिट क्लोन (कोडची पूर्ण प्रत उतरवणं) दोन ते पाचपट वेगवान झाल्याचे मायक्रोसॉफ्टचे आकडे आहेत.

लिनक्स म्हणजे कर्करोग, असं २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर म्हणाले होते. आता तीच कंपनी लिनक्स कर्नल बांधून देते म्हणून गहिवरून जायचं कारण नाही. डेव्हलपर मॅककडे चालले होते, धंद्याचं गणित होतं. आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवून ‘आजच लिनक्स टाका, हॅकर बना’ म्हणणाऱ्या व्हिडिओंना तर लांबूनच रामराम. टर्मिनल उघडल्याने प्रोग्रॅमिंग येत नाही.

बसवायचंच असेल तर ॲडमिन म्हणून पॉवरशेल (विंडोजची आज्ञांची खिडकी) उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ एवढी आज्ञा पुरते. त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीन चालवण्याची प्रोसेसरची सोय) चालू हवं. सर्वसाधारणपणे रॅमच्या निम्म्यापर्यंत वाटा हे मशीन घेऊ शकतं, त्यामुळे ८ जीबीच्या लॅपटॉपवर क्रोमचे तीस टॅब उघडे ठेवून वर तक्रार करू नये. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाईल ९पी नावाच्या प्रोटोकॉलवरून व्हर्च्युअल मशीनच्या भिंतीपलीकडून आणावी लागते आणि मिळवलेला सगळा वेग तिथेच जातो. नोटपॅडमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट समोर दिसत असूनही ‘अशी फाईल नाही’ म्हणत असेल, तर बहुधा ओळींच्या शेवटी विंडोजचं न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलेलं असतं आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅश या शेलच्या नावापुढे ते एक जादा अक्षर धरलं जातं. ‘डॉस-टू-युनिक्स’ ही छोटी आज्ञा ते झाडून टाकते.