नकाशा सुबक, तरी फाइल परत का येते?

गोव्यात घर बांधायच्या परवानगीची फाइल परत आली की लोक आर्किटेक्टवर चिडतात. दोष बहुधा घराच्या नकाशात नसतो, साइट प्लॅनमध्ये असतो. तुमची खोली केवढी, याच्याशी टाउन प्लॅनिंग खात्याला फारसं देणंघेणं नाही. घर जागेवर नेमकं कुठे बसतं, शेजाऱ्याच्या वयीपासून, म्हणजे कुंपणापासून, किती सुटतं, गाडी कुठून आत येते, पावसाचं पाणी कुठे जातं, हे त्यांना बघायचं असतं. ते पटलं की टेक्निकल क्लिअरन्स, मग पंचायतीचं लायसन्स. पीडीएच्या, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत असाल तर हीच तपासणी पीडीए करते.

अर्ज, नकाशे, फी हे आर्किटेक्ट बघतो. अडतं ते एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या सर्वे उताऱ्यावर. कब्जेदार म्हणून अजून आजोबांचंच नाव, म्युटेशन (नावाचा फेरफार) कोणी केलेलं नाही, वारसांचा दस्त नाही, एक काका पोर्तुगालात. सगळ्या वारसांची संमती गोळा करायची, वर त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही सह्या, कारण गोव्यात लग्नानंतर मालमत्ता साधारणपणे दोघांची धरतात. हे काम नकाशा काढण्याआधी सुरू करा. कूळ किंवा इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचं नाव असेल तर तेही आधीच निस्तरा.

एका काकांनी माझ्यासमोर नकाशा पसरला. तुळशीवृंदावनसुद्धा काढलेलं. विहीर कुठे, विचारलं तर म्हणाले, "ती शेजाऱ्याची." अहो, म्हणूनच दाखवायची! तुमच्या सोकपिटचं (शोषखड्ड्याचं) अंतर तिच्यापासूनही मोजणार. व्हाळाचं, म्हणजे ओहोळाचं, तसंच, उन्हाळ्यात कोरडा असला तरी. आणि सर्वे प्लॅनवर रस्ता नसेल तर "सगळे इथूनच येतात-जातात" हे उत्तर चालत नाही.

झोन आणि सनद (जमीन बिगरशेती वापरायची परवानगी) या दोन वेगळ्या गोष्टी. रिजनल प्लॅनमध्ये जागा सेटलमेंट, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये, आहे म्हणून सनद मिळाली असं होत नाही. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची तर टाउन प्लॅनिंग कायद्याच्या कलम 17-अ खाली आणखी एक परवानगी, आणि ती काम सुरू करायच्या आधी.

पंचायतीने अर्जावर 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, त्याबद्दलही भलताच समज आहे. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं समजून पाया खणू नका. 1994 च्या पंचायतराज कायद्याच्या कलम 66 प्रमाणे त्यापुढच्या 30 दिवसांत पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करायचं असतं. दिवस अर्ज पोचल्यापासून मोजतात, तेव्हा आपल्या प्रतीवर इनवर्डचा (आवक नोंदीचा) शिक्का आणि तारीख मागून घ्या. खिडकीवर "उद्या या" म्हणाले तरी तिथून हलू नका.